बोलण्याच्या साधनाला सरकारी यादीत जागा द्या: दिव्यांग कल्याण विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री व मा. सचिव, दिव्यांग कल्याण विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. आयुक्त, दिव्यांग कल्याण, पुणे

सप्रेम नमस्कार.

ज्यांना तोंडाने बोलता येत नाही, पण सांगायचं खूप असतं, अशा माणसांना बोलण्याचं साधन सरकारी खर्चाने मिळावं, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र लिहिते आहे. साधन म्हणजे काय ते आधी सांगते, कारण तालुक्याच्या कचेरीत हा विषय काढला की पहिला प्रश्न तोच येतो. बहुतेकदा हा एक टॅब असतो. त्यावर चित्रं असतात, अक्षरं असतात. मूल चित्रांवर बोट ठेवत जातं आणि टॅब ते वाक्य मोठ्याने बोलतो. ज्यांची बोटं चालत नाहीत त्यांना डोक्याने किंवा कोपराने दाबता येईल असं एक मोठं बटण जोडून देतात. ज्यांची फक्त नजर हलते त्यांच्यासाठी डोळ्यांच्या हालचाली टिपणारं यंत्र असतं. साध्या टॅबचं काही हजारांत भागतं, नजरेवर चालणाऱ्या यंत्राचा खर्च लाखांत जातो. आज महाराष्ट्रात हे सगळं ज्याचं त्याने घ्यायचं आहे.

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यातून सेरेब्रल पाल्सी झाली. तिला स्वच्छ ऐकू येतं, सगळं समजतं, गणित तर तिच्या मोठ्या भावापेक्षा लवकर समजतं. पण जीभ, ओठ, जबडा यांच्यावर तिचा ताबा नाही, त्यामुळे शब्द बाहेर पडत नाही. टॅब येण्याआधी आमचं सगळं बोलणं हो-नाहीवर चालायचं. हो म्हणायचं असेल तर ती वर बघायची, नाही म्हणायचं असेल तर डोळे मिटायची. पोट दुखतंय का? पाणी हवंय का? आजीकडे जायचंय का? घरच्यांना वाटायचं की आमचं छान चाललंय. पण अशा बोलण्यात मूल फक्त आपण विचारलेल्याचं उत्तर देऊ शकतं. जे आपल्या डोक्यात येणारच नाही, ते तिच्या मनातून कधी बाहेर येत नाही.

तिच्या मामाने थोडे पैसे दिले, थोडे मी भिशीतून काढले आणि टॅब घेतला. त्या सुमारास ती शाळेत जाताना फार रडायची. आम्ही सगळं विचारून झालं होतं: कोणी मारतं का, बाक टोचतो का, डबा आवडत नाही का. टॅब हाताळायला लागल्यावर एका संध्याकाळी तिने एकेक चित्र शोधत वाक्य लावलं: "नवीन बाई मला बाळ म्हणतात." हा प्रश्न आम्ही जन्मात विचारला नसता. बाईंना सांगितलं, त्यांनीही समजून घेतलं, रडणं थांबलं. एखाद्या लेकराला स्वतःचा अपमान सांगता येणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे मला त्या दिवशी कळलं. ज्यांच्या घरात मामा नाही आणि भिशीही नाही, त्या घरातल्या लेकरांसाठी मी हे लिहिते आहे.

कायद्याच्या बाबतीत आम्हाला काही नवं मागायचं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 साली झाला. त्याच्या कलम 2 मधल्या संप्रेषणाच्या, म्हणजे आपलं म्हणणं दुसऱ्यापर्यंत पोचवण्याच्या, व्याख्येतच बोलण्याला पूरक आणि पर्यायी अशा पद्धतींचा उल्लेख आहे. कलम 17 शिक्षणाबद्दल आहे. वाचा, संप्रेषण किंवा भाषेचं दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींच्या रोजच्या गरजांसाठी अशा पद्धतींच्या वापराला सरकारने चालना द्यावी, असं ते म्हणतं. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठरा वर्षांपर्यंत साहाय्यक साधनं मोफत द्यावीत, हेही त्याच कलमात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली अत्यावश्यक साहाय्यक साधनांची जी 50 नावांची यादी काढली, तिच्यात चष्मा, चाकाची खुर्ची आणि श्रवणयंत्राच्या बरोबरीने संप्रेषणाचे फलक आणि संप्रेषणाचं सॉफ्टवेअरही आहे. म्हणजे कायदा आहे, यादीही आहे. पण दिव्यांगांना साहित्य वाटण्याच्या शिबिराच्या मांडवात मला आजवर तीनचाकी सायकली दिसल्या, कुबड्या दिसल्या, श्रवणयंत्रं दिसली, सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठीच्या खुर्च्या दिसल्या. बोलण्याचं साधन टेबलावर दिसलेलं नाही.

याचं एक कारण प्रमाणपत्रात आहे आणि त्याकडे मी आपलं खास लक्ष वेधते. 2016 च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले. त्यात 'वाचा व भाषा दिव्यांगत्व' हा वेगळा प्रकार आहे. पण अनुसूचीत त्याची व्याख्या करताना उदाहरणं दिली आहेत ती स्वरयंत्र काढून टाकल्याची आणि मेंदूच्या इजेमुळे भाषा हरपल्याची. सेरेब्रल पाल्सी येते चलनवलनाच्या दिव्यांगत्वात. माझ्या मुलीच्या यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर, म्हणूनच तिच्या हातापायांची नोंद आहे, न बोलता येण्याची नाही. कार्डावर पाय लिहिले की खुर्ची मिळते, आणि खुर्ची मिळाली की तिचं काम झालं असं कागद सांगतो. स्वमग्न मुलांचं, बौद्धिक दिव्यांग मुलांचं तेच होतं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29,63,392 दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यातल्या 4,73,610 वाचेच्या रकान्यात होत्या. आमच्यासारख्यांची मुलं त्या रकान्यात असतील, चलनवलनाच्या असतील, किंवा 1,64,343 बहुविकलांगांमध्ये असतील. या आकड्यांवरून बोलण्याच्या साधनाची गरज किती जणांना आहे हे कळत नाही, आणि प्रमाणपत्राच्या प्रकाराला साधन बांधून ठेवलं तर पुढेही कळणार नाही. म्हणून निकष एकच ठेवा: रोजचं बोलणं तोंडाने भागत नाही, असं वाचा-उपचारतज्ज्ञाने लिहून दिलेलं असावं. मूळ निदान कोणतंही असो.

"एवढा खर्च सरकारने कसा करायचा?" असं मला एका बैठकीत विचारलं गेलं. त्याचं उत्तर सरकारच्याच एका चांगल्या कामात आहे. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत 2014 पासून कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, आलं आणि त्यासाठी एका मुलामागे 6 लाख रुपयांपर्यंतची तरतूद झाली. वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा-श्रवण दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था त्याचं काम बघते. यंत्र, शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची थेरपी हे सगळं एकत्र धरलं आहे, कारण यंत्र बसवल्याने मूल आपोआप ऐकायला-बोलायला शिकत नाही, शिकवावं लागतं, हे ज्यांनी योजना आखली त्यांना ठाऊक होतं. त्या योजनेने कितीतरी घरांत आनंद आला. मला त्या घरांचा हेवा वाटत नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की ऐकू न येणाऱ्या मुलाच्या संवादासाठी लाखांची तरतूद न्याय्य मानणारं सरकार, ऐकू येणाऱ्या पण बोलू न शकणाऱ्या मुलासाठी त्याच्या अंशाइतकी तरतूद सहज करू शकतं. करांच्या बाबतीतही हा फरक आहे. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही. माझ्या मुलीच्या टॅबवर आम्ही 18 टक्के भरला, कारण बिलावर तो इतरांच्या टॅबसारखाच एक टॅब आहे. जीएसटी परिषदेत महाराष्ट्राचं वजन आहे. तज्ज्ञाच्या शिफारशीने घेतलेल्या साधनावरचा कर परत मिळावा, हा मुद्दा आपण तिथे मांडावा.

शिवाय राज्यात पैसा नाही असंही नाही. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद, प्रत्येकीने स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. मी आमच्या ग्रामपंचायतीत अर्ज दिला. ग्रामसेवक भले गृहस्थ होते. त्यांनी अर्ज नीट वाचला, मुलीशी बोलले, तिने टॅबवरून दिलेलं उत्तर ऐकलं. मग म्हणाले, "ताई, मला पटतंय. पण दिव्यांग निधीत टॅब दाखवला तर ऑडिटला आक्षेप निघेल. तुम्ही मला शासन निर्णयात एक ओळ दाखवा, मी उद्या चेक काढतो." ती ओळ कुठे नाही. मग वर्षअखेरीला तो निधी सगळ्या दिव्यांगांमध्ये सारखा वाटला जातो. प्रत्येकाच्या खात्यावर थोडी रक्कम येते, ती किराण्यात जाते, आणि निधी खर्च झाल्याचा अहवाल वर जातो. गरिबाला किराणाही लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या निधीतून एका लेकराला कायमचं बोलतं करता आलं असतं, तो शंका नको म्हणून वाटून टाकला जातो. माझ्या मते या पत्रातली सगळ्यांत स्वस्त मागणी हीच आहे: 5 टक्के निधीतून घ्यायच्या साहित्यात 'संप्रेषणाचं साधन, त्याचं सॉफ्टवेअर, जोडसाहित्य आणि दुरुस्ती' हे शब्द घालणारा एक शासन निर्णय काढा. त्याला नव्या पैशाची गरज नाही. त्या ग्रामसेवकांसारखी माणसं गावोगावी आहेत, त्यांना फक्त कागदाचा आधार द्या.

आता "अॅप तर फुकट आहे, मोबाईल घरोघरी आहे, मग निधी कशाला?" या प्रश्नाबद्दल. अॅप फुकट आहे हे खरं. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाने तयार केलेलं 'जेलो' अॅप मराठीतही आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. चेन्नईत तयार झालेल्या 'आवाज' या अॅपने या विषयात भारताचं नाव बाहेरही नेलं. आपल्या मातीतलं हे काम मोलाचं आहे. पण घरातला मोबाईल बाबांबरोबर सकाळी कामावर जातो. रात्री आठला आवाज परत येईल, तोवर गप्प राहा, असं मुलाला सांगायचं का? आणि ज्याची बोटं थरथरतात त्याला मोबाईलच्या पडद्यावरचं नखाएवढं चित्र दाबता येत नाही. त्याला मोठा पडदा लागतो, बोट घसरू नये म्हणून पडद्यावर बसवायची भोकांची जाळी लागते, टॅब खुर्चीला धरून ठेवणारा स्टँड लागतो, पडला तर फुटू नये असं जाड कव्हर लागतं. समग्र शिक्षा अभियानात विशेष गरजा असलेल्या एका विद्यार्थ्यामागे वर्षाला 3,500 रुपये धरलेले असतात, तेही अनेक गोष्टींसाठी. त्यात नुसता स्टँडही नीट बसत नाही.

दुसरी शंका आम्हा पालकांच्याच मनात असते आणि डॉक्टरही कधीकधी ती बोलून दाखवतात: यंत्र दिलं तर मूल बोलायचा प्रयत्न सोडून देईल. माझ्या सासूबाईंना ही भीती फार होती. पण संशोधन उलट सांगतं. अशा मुलांच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा 2006 साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांची नोंद भक्कम होती अशा एकाही उदाहरणात साधनामुळे तोंडचं बोलणं कमी झालेलं नव्हतं, आणि बहुतेकांत थोडंफार वाढलं होतं. आमच्या घरीही टॅबने "आजी" म्हटलं की ती आपल्या आवाजात काहीतरी "आ" असं जोडते. सासूबाई आता स्वतःच टॅब चार्जिंगला लावतात.

पण नुसते टॅब वाटू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. शिबिरात पाचशे टॅब वाटले, फोटो निघाले, सहा महिन्यांनी त्यातले बहुतेक कपाटात गेले, असं झालं तर पुढची वीस वर्षं कोणी हा विषय हातात घेणार नाही. हे साधन चालतं ते माणसांमुळे. आधी तज्ज्ञाने बघायचं की मुलाला काय झेपेल: चित्रं की अक्षरं, बोट की बटण, एका पानावर चार चित्रं की चाळीस. मग आईबाबांना, भावंडांना, शाळेतल्या बाईंना शिकवायचं, कारण ज्या घरात मोठी माणसं त्या टॅबवर बोट ठेवून बोलत नाहीत त्या घरात मूलही बोलत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी परत बघायचं, शब्द वाढवायचे. आमच्या जिल्ह्यात या विषयाचं शिक्षण घेतलेला तज्ज्ञ मला सरकारी दवाखान्यात भेटला नाही. मी पुण्याला जात राहिले. जिल्हा रुग्णालयांमध्ये लहान मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. तिथल्या वाचा-उपचारतज्ज्ञांना या साधनांचं रीतसर प्रशिक्षण द्या आणि मूल्यमापनाची जबाबदारी त्यांच्यावर सोपवा. पद रिकामं असेल तर खासगी तज्ज्ञाला मानधन द्या. सुरुवातीला टॅब कमी वाटले गेले तरी चालतील, पण प्रत्येक टॅबमागे एक माणूस नक्की असू द्या.

मराठीचंही काम बाकी आहे, आणि ते महाराष्ट्राने केलं नाही तर दुसरं कोणी करणार नाही. आपल्या भाषेत चित्रं नुसती ओळीने लावली की "मी शाळा जाणे" असं काहीतरी तयार होतं. "शाळेत", "शाळेतून", "शाळेला" हे सगळं चित्राबाहेर राहतं. माझी मुलगी कितीतरी दिवस टॅबवरून "मी जातो" म्हणत होती, कारण आधीच भरलेली वाक्यं मुलाची होती. शाळेतली मुलं हसायची. शिवाय आवाज मोठ्या माणसाचा. तेरा वर्षांच्या मुलीच्या तोंडी बातम्या देणाऱ्याचा सूर येतो. मराठी व्याकरण जाणणारा, मुलींचा आणि मुलांचा वेगळा आवाज असणारा शब्दसंग्रह एकदा नीट तयार झाला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला, तर कोणतंही अॅप तो वापरू शकेल. इथे आयआयटी आहे, विद्यापीठांचे मराठी विभाग आहेत. विभागाने हे काम त्यांच्याकडे सोपवावं आणि त्यात वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी घरांतले शब्दही असावेत.

साधन कोणाच्या मालकीचं, हा प्रश्न छोटा वाटतो पण तो आधीच सोडवून ठेवा. अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी विमा योजना अशा यंत्रांना पूर्वी सोयीची वस्तू म्हणत असे आणि पैसे देत नसे. तिथले रुग्ण आणि तज्ज्ञ त्याविरुद्ध झगडले आणि 2001 पासून ती यंत्रं वैद्यकीय साधनं मानली गेली. पुढे 2014 साली नियम फिरला आणि यंत्र विकत देण्याऐवजी भाड्याने द्यायचं ठरलं. परिणाम असा की माणूस रुग्णालयात किंवा शुश्रूषागृहात दाखल झाला की भाड्याचे पैसे थांबायचे आणि यंत्र हातातून जायची वेळ यायची, म्हणजे सगळ्यांत जास्त गरज असताना आवाज बंद. स्टीव्ह ग्लीसन या अमेरिकन फुटबॉलच्या नामवंत खेळाडूला एएलएस, म्हणजे हळूहळू सगळे स्नायू निकामी करणारा मोटर न्यूरॉनचा आजार, झालेला होता, तो स्वतः नजरेने चालणाऱ्या यंत्रावर बोलत होता. त्याच्या नावाने 2015 साली कायदा झाला, मालकी रुग्णाची ठरली आणि 2018 साली ती तरतूद कायमची झाली. आपल्याकडे शाळेच्या नावावर टॅब आला तर मे महिन्यात तो मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद होईल आणि दहावीनंतर परत घेतला जाईल. म्हणून साधन त्या व्यक्तीच्या नावावर द्या. शाळा बदलली, गाव बदललं, लग्न होऊन ती सासरी गेली तरी ते तिच्याबरोबर जायला हवं.

मी आई आहे म्हणून मुलांबद्दल जास्त लिहिलं. पण तंबाखूमुळे घशाचा कर्करोग होऊन स्वरयंत्र काढावं लागलेली माणसं आपल्या राज्यात थोडी नाहीत. शस्त्रक्रियेला योजनेतून मदत मिळते, जीव वाचतो, आणि तो माणूस घरी येतो तो मुका होऊन. रिक्षा चालवणारा, भाजी विकणारा माणूस गिऱ्हाइकाशी बोलणार कसा? गळ्याला लावून बोलायचं छोटं यंत्र त्याला शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्येच मिळालं पाहिजे. अर्धांगवायूने भाषा गेलेल्यांचं, मोटर न्यूरॉनच्या आजारात हळूहळू आवाज गमावणाऱ्यांचं तसंच. या शेवटच्या रुग्णांना तर वेळच थोडा असतो. त्यांचा अर्ज टेबलावर आठ महिने पडला तर यंत्र मंजूर होईल तेव्हा घ्यायला माणूस नसेल. अशा अर्जांना आठवड्यांची मुदत हवी.

आणि एक गोष्ट जी आम्ही मुलींच्या आया आपसात हळू आवाजात बोलतो. जी मुलगी सांगू शकत नाही, तिच्यावर हात टाकायला माणूस घाबरत नाही. पोक्सो कायद्यात बालकाच्या संवादाची पद्धत जाणणाऱ्या व्यक्तीची मदत घेण्याची सोय आहे. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 12 मध्ये साक्ष ज्या माध्यमातून देता येईल त्या माध्यमात नोंदवण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. पण मुलीजवळ माध्यमच नसेल तर पोलीस काय नोंदवणार आणि न्यायालय काय ऐकणार? म्हणून तिच्या टॅबवर शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं, "मला हात लावला", "मला भीती वाटते", "थांब" हे शब्द पहिल्या दिवसापासून असले पाहिजेत. तयार शब्दसंग्रहात ते बहुधा वगळलेले असतात. माझ्या मुलीच्या टॅबवर मी स्वतः घातले. विभागाच्या मानकात ते सक्तीचे करा.

डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग केला, तेव्हा आम्हाला खरोखर आशा वाटली. त्या आशेनेच लिहिते आहे. 5 टक्के निधीचा शासन निर्णय या आर्थिक वर्षाचा निधी वाटून संपण्याआधी काढा, म्हणजे ग्रामपंचायतींना यंदाच सुरुवात करता येईल. एडिपच्या यादीत संप्रेषणाचं साधन आणि त्यासोबतची थेरपी कॉक्लिअरच्या धर्तीवर स्पष्टपणे यावी, म्हणून राज्याच्या वतीने केंद्राला लिहा. मसुदा ठरवायला जी समिती बसेल तिच्यात या साधनावर बोलणारी दोन-तीन माणसं सदस्य म्हणून घ्या, आणि बैठकीत त्यांना वाक्य पूर्ण करायला वेळ द्या. त्यांचं एक वाक्य लावायला दोन मिनिटं लागतात. माझी मुलगी लहान आहे, पण तुम्ही बोलावलंत तर मी तिला घेऊन मंत्रालयात येईन. तिने तुमच्यासाठी काही प्रश्न टॅबमध्ये भरून ठेवले आहेत.

आपली नम्र,
एक आई, पश्चिम महाराष्ट्र